नदीकडची खिडकी

प्रिय भिंगरी,

हे पत्र घेऊन आलेल्या माणसाला आधी नीट बसव. त्यांच्या गुडघ्यांखाली उशी दे, पाणी दे, चहा नंतर. जवळजवळ अख्खा दिवस गाडीत काढून ते आलेत, आणि वाटेत एकदाही त्यांनी पाय लांब केले नसणार. शेजारच्याला अडचण नको म्हणून अवघडून बसायची बाबांची खोड तुला ठाऊकच आहे. ते काही बोलत नाहीत म्हणून घाबरू नकोस. तुझं पत्र वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. घरी सगळं ठीक आहे, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू सरळ शेवटचं पान उघडशील. तसं करू नकोस, मला हे ओळीने सांगायचंय. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. त्यात मी रडले असते तर तू मिळेल त्या गाडीने निघून आली असतीस. आणि नेमकं तेच मला नकोय.

गोष्ट रविवारच्या फेरीची आहे. आमच्या चुंबकगाडीत आजवर फक्त आम्ही कामाची माणसं चढलो. रविवारी पहिल्यांदा बाहेरची माणसं बसणार, आणि त्यांत तू, पुढून दुसऱ्या डब्यात, नदीकडच्या खिडकीशी. ज्या दिवशी त्या जागेवर तुझं नाव लागलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा आलाय तो गेलेला नाही. जेवण जात नाही. एकच पान तीनतीनदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. तुला मी हे कळू दिलं नाही. तू रजा काढलीस, नवे बूट घेतलेस, दवाखान्यात झाडून सगळ्यांना सांगितलंस. ज्या आजोबांना तू काठीशिवाय चालायला शिकवतेयस ते म्हणाले ना तुला, की आम्ही इथे पाय जमिनीवर टेकवायला धडपडतोय आणि तुझी आई गाडीच जमिनीवरून उचलतेय? ते ऐकून मी केवढी हसले. फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले.

तू शाळेत होतीस तेव्हा मी या कामाला लागले. जेवणाच्या टेबलावर दोन लोहचुंबकं आणून तुला दाखवलं होतं, की सारखी टोकं समोरासमोर आली की ती एकमेकांना कशी ढकलतात. आमचा सगळा डोलारा तेवढ्यावर उभा आहे. गाडी आधी चाकांवर धावते. पुरेसा वेग आला की चुंबकं तिला चार बोटं वर उचलून धरतात, चाकं पोटात जातात, आणि मग तिला अडवायला वाऱ्याशिवाय कुणी उरत नाही. घासणं नाही म्हणून झीज नाही, खडखडाट नाही. भेट द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पुढे सगळीकडे अशाच गाड्या होतील, शहरं एकमेकांच्या शेजारी येतील, लोक एका गावात राहून दुसऱ्या गावात नोकरी करतील, हेही मी सांगत असते आणि ते मला मनापासून पटतं. पण माझ्यासाठी या गाडीचा अर्थ फार साधा होता. आज बाबा ज्या वाटेने आले ती वाट तासाभराची होणार होती. तू तिकडची नोकरी घेतलीस ती त्याच भरवशावर. म्हणालीस, आई, तुझी गाडी होईपर्यंतचा तर प्रश्न आहे, मग मी रात्रीच्या जेवणाला घरी येत जाईन. बाबांनी तुझी खोली अजून पाहिली नव्हती, कारण त्यांचे गुडघे आणि तो प्रवास. दर खेपेला आम्ही म्हणायचो, आता गाडी सुरू झाली की. ते वाक्य आमच्या घरात इतकं वापरलं गेलंय की शेजारच्या काकूसुद्धा आमची नक्कल करतात. तेव्हा मला ही गाडी नको आहे असं कुणी तुला सांगितलं तर त्याला हाकलून दे. ती मला तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे.

आता तुला ती जागा मिळाली कशी, ते नीट सांगते. फोनवर मी नुसतं म्हटलं होतं की घरच्यांपैकी एकाला बसता येतं, आणि माझं पुढचं ऐकायच्या आत तू ‘मी, मी, मी’ म्हणून ओरडलीस. ती बक्षिसी नाही, भिंगरी. आमच्याकडची ती एक रीत आहे. ज्या ज्या विभागप्रमुखाची सही गाडी माणसांसाठी योग्य आहे म्हणून लागते, त्याने पहिल्या फेरीत आपल्या घरातलं एक माणूस बसवायचं. ही रीत आमच्या पहिल्या साहेबांनी घातली, जे आता निवृत्त होऊन झाडं लावत बसलेत. त्याआधी ते पूल बांधायचे. नव्या पुलावरून पहिल्यांदा भरलेले ट्रक सोडायचे तेव्हा ते बायकोला घेऊन पुलाखाली डबा खात बसायचे. बाई शेवटी म्हणे इतक्या वैतागल्या की म्हणाल्या, मला एकदा तरी छताखाली जेवू द्या. मी नवी होते तेव्हा एकदा त्यांना विचारलं होतं, की स्वतः बसलं तर नाही का चालत? ते म्हणाले, स्वतःचा जीव माणूस सहज पणाला लावतो, त्यात ऐट असते. घरच्याचा लावताना हात थरथरतो, आणि मला सही करणारा हात थरथरलेला हवाय. तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. त्या वेळी माझ्यावर सही करायची पाळी आली नव्हती.

माझ्याकडे चाचणी विभाग आहे. म्हणजे सरळ भाषेत, काळजी करायचा पगार मिळतो मला. गाडीला काय काय होऊ शकतं ते मनात आणायचं, ते मुद्दाम घडवून पाहायचं, आणि काही झालं नाही तर पुढची भीती काढायची. तू लहानपणी मला विचारायचीस, आई, तू ऑफिसात दिवसभर करतेस काय? आणि बाबा सांगायचे, घरी करते तेच. गॅस बंद आहे ना, दार लावलंय ना, मुलीने स्वेटर घेतलाय ना. तुम्ही दोघांनी मिळून मला चिडवायची एक संधी सोडली नाहीत. म्हणूनच या वेळी मी स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. सगळे अहवाल चांगले होते. मी ते पुन्हा काढून वाचले. गाडी रिकामी पळवून झाली, भरून पळवून झाली. ऐन वेगात वीज तोडून पाहिली. अशा वेळी चाकं बाहेर येतात आणि विमान टेकतं तशी गाडी मार्गावर टेकते. ती टेकली, प्रत्येक वेळी टेकली. मग माझा जीव टांगणीला का? उत्तर एकच होतं, की मी आई आहे. आणि आई घाबरते त्याला पुरावा लागत नाही. मी स्वतःला बजावलं, की ही भीती घरी ठेवायची, ऑफिसात न्यायची नाही.

पण ती माझ्या मागून आलीच. गेल्या आठवड्यात शेवटची भरलेली फेरी होती. भरलेली म्हणजे वाळूच्या पोत्यांनी. प्रत्येक जागेवर माणसाच्या वजनाएवढी वाळू भरून पोतं बसवायचं आणि त्याला पट्टा बांधायचा, ही आमची नेहमीची पद्धत. माझ्या हाताखालचा तो पोरगेला इंजिनिअर तुला आठवतो ना, जो इतक्या भरभर बोलतो की आपण त्याचं नाव सुसाट ठेवलं होतं? त्याने या वेळी गंमत म्हणून खडूने पोत्यांवर नावं लिहिली होती, रविवारी ज्या जागेवर जे बसणार त्यांची. उरलेल्या जागा हाताखालच्यांच्या घरच्यांना दिल्या होत्या, म्हणून त्याचे स्वतःचे वडील होते, मोठ्या साहेबांच्या बायको होत्या. मला न विचारता त्याने नदीकडच्या खिडकीशी ‘भिंगरी’ असं लिहून ठेवलं होतं, आणि वर दोन डोळे काढले होते. सगळे हसले, मीही हसले. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी त्या पोत्याचा पट्टा ओढून बघितला.

गाडी सुटली, उचलली गेली, आणि ती नेहमीची शांतता आली. त्या शांततेत आम्ही सगळे गप्प होतो, इतकी वर्षं झाली तरी होतोच. थोड्या वेळाने नदीचं मोठं वळण आलं. तिथे गाडी जराशी कलते आणि बाहेरच्या अंगाला अचानक खाली सगळं पाणी दिसायला लागतं, दूरवर, डोळे दिपतील असं. मी उठले आणि खिडकीशी गेले. नेहमीच जाते. सुसाट माझ्या शेजारी येऊन वाकला होता. यंत्रांवर लक्ष ठेवणारे दोघं तिघं, तेही आले. आम्ही सगळे एका बाजूला दाटीवाटीने उभे, पाण्याकडे बघत. माझा हात कशावर तरी टेकला होता, म्हणून मी खाली पाहिलं. तुझ्या नावाचं पोतं. ते पट्टा लावून मुकाट्याने बसलं होतं. आणि माझ्या मनात आलं, हे काही खरं नाही, भिंगरी आणि गप्प बसलीय? तू तर लहानपणी त्या दाढीवाल्या न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा कधी स्वस्थ बसली नाहीस. एक कान कापला जाता जाता वाचला होता तुझा. तू पहिली उठशील, आणि तुझ्यामागून पलीकडच्या रांगेतली सगळी माणसं उठतील, कारण आम्ही उठलो होतो, आणि आम्हाला तर ते पाणी पाठ होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. पोतं खिडकीकडे धावत नाही. आमच्या सगळ्या कागदांत प्रवासी बसलेला आहे. वजन एका बाजूला जास्त ठेवून आम्ही चाचणी केली होती, पण सरळ मार्गावर. वळणावर वीज तोडून गाडी टेकवली होती, पण दोन्ही बाजू सारख्या भरून. त्या वळणावर, माणसं उठून नदीकडे गोळा झालेली असताना, नेमकी त्याच क्षणी वीज गेली आणि गाडी बाहेरच्या चाकांवर आली तर काय होईल, हे आम्ही कधी पाहिलेलंच नाही. कदाचित काहीच होणार नाही. चाकं भक्कम आहेत, मार्गाला दोन्हीकडून खिडक्यांखालपर्यंत भिंती आहेत, मी स्वतः त्या ठोकून पाहिल्यात. पण ‘कदाचित’ हा शब्द मला लिहिता येत नाही. आणि गंमत बघ, वर्षानुवर्षं त्या खिडकीशी उठून जाणारे आम्हीच, आणि माणसं बसून राहतील असं धरून चालणारेही आम्हीच.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तू जास्त विचार करतेस. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, इतकी वर्षं शाळेच्या सहली नेल्या, पण चालत्या बसमध्ये मी पोरांना कधी ‘ते बघा’ म्हणालो नाही. आधी बस थांबवायची, मग बोट दाखवायचं. एवढंच म्हणाले आणि भाजी निवडायला घेतली. त्यानंतर ते दिवसभर तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत, आणि त्यामुळे मला आणखीनच धास्ती बसली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तू त्यांना शिव्या घालशील. पावसाळ्यात एकदा मी महिनाभर काम थांबवलं होतं, तेव्हा वरच्यांची सगळी बोलणी त्यांनी स्वतः खाल्ली आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही. या वेळीही त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. विचारलं, ही चाचणी करायला किती वेळ लागेल? मी सांगितलं, चाकांवर मोजणीची यंत्रं नव्याने बसवायची, वळणाचा तुकडा बंद ठेवायचा, थोडं थोडं वजन सरकवत पुन्हा पुन्हा टेकवायची, आणि कुठे काही कमी पडलं तर चाकांचा सांगाडा बदलायचा, म्हणजे वर्ष सहज. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, रविवार पुढे गेला तर सगळे म्हणतील गाडीतच खोट आहे. वर काही लोक टपून बसलेत, त्यांना निमित्तच हवंय, ते प्रकल्प गुंडाळतील, मग तुम्ही चाचणी करणार कशावर? यात खोटं काही नव्हतं, भिंगरी. ही भीती मलाही आहे. ते म्हणाले, आपण गाडीत सूचना देऊ, कुणीही जागेवरून उठायचं नाही. मी म्हटलं, साहेब, मागच्या महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा वळणावर कुठे उभे होतात? ते हसले. त्यांनीच त्या दिवशी मला बाजूला सरकायला सांगितलं होतं, नदी नीट दिसावी म्हणून.

मग ते जरा पुढे झुकले आणि आवाज मऊ करून म्हणाले, मलाही मुली आहेत, तुमच्या मनाचं काय होत असेल ते मला कळतं. असं करा, तुमच्या मुलीला नका बसवू. ती जागा मी आमच्यातल्या कुणाला तरी देतो. रीत काय, कुठे लिहून थोडीच ठेवलीय? आणि भिंगरी, तुला खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांचा तो गोळा एका क्षणात विरघळला. खांदे सैल झाले, भूक लागली, भर मीटिंगमध्ये मला भूक लागली. मी त्यांचे आभार मानले. ‘बघते मी’ असं काहीतरी म्हणाले आणि फाईल उचलून बाहेर आले.

बाहेरच्या खोलीत साहेबांचे फोन घेणारी मुलगी बसते. तुझ्याएवढीच असेल, थोडी लहानच. दार अर्धवट उघडं होतं, तिने ऐकलं असावं. ती उठून माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, मॅडम, एक जागा रिकामी झालीय का? माझं नाव घालाल? मी रोज लोकांना फोनवर या गाडीची माहिती सांगते आणि मी अजून आत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. ती इतकी खुशीत होती, की लाजून तिने ओठ दाबून धरले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. साहेब ‘कुणाला तरी’ म्हणाले तेव्हा त्या कुणाला चेहरा नव्हता, म्हणून माझी सुटका झाली होती. आता चेहरा समोर उभा होता आणि त्याच्या गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी फीत होती. तिलाही घरी कुणीतरी स्वेटर घेतलास का म्हणून विचारत असेल. मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि दार लोटून पुन्हा आत गेले. मी साहेबांना सांगितलं की ही चाचणी होईपर्यंत माझी सही मिळणार नाही. माझा हात इतका कापत होता की फाईलमधले कागद वाजत होते. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, मग मला दुसऱ्याची घ्यावी लागेल.

दुसरा म्हणजे सुसाट. माझ्यानंतर तोच. तो संध्याकाळी घरी आला. बूट काढायचं विसरून आत आला, मग लक्षात आल्यावर परत जाऊन काढून आला. नेहमी वाक्यावर वाक्य आदळणारा मुलगा, पण चहा गार होईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. कागद त्याच्याकडे आले होते आणि सकाळपर्यंत सही हवी होती. माझी खुर्चीही त्यालाच मिळणार होती, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं, की कर, किंवा नको करू. दोन्हीपैकी काहीही म्हणण्याचा मला हक्क नव्हता. त्याच्या घरात तो एकटा कमावणारा, आणि माझी शंका चुकीची निघाली तर त्याचं आयुष्य मी उगाच मातीत घातलं असं होणार. मी नुसतं विचारलं, तुझे वडील कुठे बसणार आहेत? तो म्हणाला, नदीकडेच. मीच त्यांना ती खिडकी घेऊन दिलीय. त्यांना पाणी बघायला फार आवडतं. बाबांनी गार चहा उचलून नेला आणि गरम आणून ठेवला, तो त्याने उभ्याउभ्याच घेतला. जाताना दारात म्हणाला, मॅडम, आपण एवढी पोती उचलली, आणि एकदाही हे सुचलं नाही. मी म्हटलं, मलाही नाही.

आज सकाळी कळलं की त्यानेही सही केली नाही. साहेबांनी आणखी एक दोघांना विचारून पाहिलं म्हणतात, पण एकदा गोष्ट कर्णोपकर्णी झाली की मग प्रत्येकाला आपापल्या घरचं माणूस त्या वळणावर उठून उभं राहिलेलं दिसायला लागतं. रविवारची फेरी रद्द झालीय. तू हे वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाहीर करतील. गाडी वर्षभर पुढे गेली, कदाचित जास्त, कदाचित कायमची. मला प्रशिक्षण विभागात पाठवतायत, नव्या मुलांना शिकवायला. सुसाटचं काय करणार ते अजून कुणी बोलत नाही आणि त्याची मला रुखरुख लागून राहिलीय. चाचणी करणार का, हेही कुणी सांगत नाही. मी दुपारभर हे लिहितेय आणि फोन वाजला की दचकतेय. मी बरोबर केलं असं मला अजिबात वाटत नाहीय, हे तुला कळायला हवं. मोठ्या धैर्याची गोष्ट केली की माणसाला हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालेलं नाही. मी तुझं घरी जेवायला येणं वर्षभर लांबवलं, या एका गोष्टीपलीकडे मला सध्या काही दिसत नाही. बाबा काल रात्री उठले आणि बॅग काढून भरायला लागले. म्हणाले, गाडीची वाट आता बघवत नाही, पोरीची खोली बघून येतो. मी त्यांना अडवलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. रद्द का झाली याचं कारण छापून येईल, आणि ते काय असेल हे आजच माझ्या कानावर आलंय. एका महिला अधिकाऱ्याची मुलगी त्या फेरीत बसणार होती, बाईंचा धीर सुटला, आणि त्यामुळे इतरही बिचकले. नाव देतील न देतील, पण तुझ्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे की तू कुणाची मुलगी आणि कुठे बसणार होतीस. तुला विचारतील. कुणी हसून विचारेल, कुणी कीव करत विचारेल, काय गं, तुझी आई घाबरली म्हणे? मी तुला ओळखते, तू कंबर कसून भांडायला उभी राहशील. माझी आई इतकी वर्षं या कामात आहे, तिला तांत्रिक शंका होती, वळण, वजन, चाकं, हे सगळं तू त्यांना ऐकवशील, आता तर तुला ते पाठच झालंय. तसं करू नकोस. शंका नंतर आली, आधी भीती आली, आणि भीती आली नसती तर मी त्या पोत्याकडे पाहिलंही नसतं. मी ती लपवणार नाही, तूही लपवू नकोस. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून बाबांना एवढ्या लांब पाठवलं. कुणी विचारलं तर त्याच्याकडे सरळ बघ आणि सांग, हो, घाबरली.

तुझीच,
आई